आडवं मूल आणि डावा कौल

‘कौल डावो पडलो, बाई. तिका आता खंयच न्हेवची नाय.’

मी मागच्या पडवीत हात धूत होते. जानकीकाकी देवळातून आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. आत तिची धाकटी सून शेवंती कळा देत होती. सकाळचे नऊ वाजून गेले होते. खाडीला भरती लागली होती. बारानंतर सुकती, म्हणजे ओहोटी, लागणार आणि तासाभरात मधला चिखल उघडा पडणार. मग संध्याकाळच्या भरतीपर्यंत होडी हलणार नाही.

शेवंतीकडे तेवढा वेळ नव्हता.

मी एस्तेर. घाटावरच्या एका पाळकाची मुलगी. मिशनच्या हॉस्पिटलात नर्स आणि मिडवाइफ झाले, आणि आचऱ्याच्या पलीकडे खाडीकाठच्या एका लहान गावात मिशनचा दवाखाना होता तिथे मला एकटीला नेमलं. साठ सालाच्या थोडी आधीची ही गोष्ट. तेव्हा मला तिथे जाऊन दोन वर्षं झाली होती. जखमा, खरूज, हिवताप आणि सोपी बाळंतपणं माझ्याकडे. अवघड काही असलं की खाडीतून होडीने तासभर, पुढे रस्त्याने दोन तास, असं मुख्य हॉस्पिटल गाठायचं.

त्या दिवशी गावच्या वैजिणीनेच, म्हणजे सुइणीनेच, मला बोलावून घेतलं होतं. ‘माझ्या हातातला काम नाय ह्यां,’ एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. मी पोट तपासलं. दिवस भरलेलं मूल पोटात बहुधा उभं असतं, डोकं खाली. हे आडवं होतं. डोकं आईच्या डाव्या कुशीत, पाय उजव्या. आम्ही त्याला ट्रान्सव्हर्स म्हणायचो. असं मूल आपसूक बाहेर येत नाही. कळा येत राहतात, वाट मिळत नाही आणि शेवटी गर्भपिशवी फाटते. पाणमोट, म्हणजे मुलाभोवतीची पाण्याची पिशवी, अजून फुटलेली नव्हती म्हणून मी वरून हातांनी मूल वळवून पाहिलं. दोनदा वळलं. दोनदा माझ्या हाताखालीच परत आडवं झालं. तिसऱ्यांदा प्रयत्न करणं धोक्याचं होतं. ऑपरेशनशिवाय मार्ग नव्हता.

मी तसं सांगितल्यावर जानकीकाकी तडक देवळात गेली होती. आता परत आली होती ती हे उत्तर घेऊन.

त्या भागात मोठं काही करायचं तर ग्रामदेवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलांचे ओले कळे लावतो. मग देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे अडचण मोठ्याने सांगतो. उजवा कळा आधी पडला तर होकार. डावा पडला तर नकार. हाच कौल.

‘काकी,’ मी म्हणाले, ‘इथे ठेवलीत तर ती मरेल. मूलही मरेल.’

‘देवाक कळता तां.’

‘अहो, फुलाच्या कळ्याला काय कळतं?’

बोलून गेले आणि जीभ चावली. जानकीकाकीचा चेहरा एकदम बंद झाला. ती पन्नाशीची, उंच, हाडापेराने मोठी बाई होती. आवाज चढवत नसे.

‘तुमी रोज सकाळी दवाखान्यात डोळे मिटून उभ्या ऱ्हवतास,’ ती म्हणाली. ‘तुमच्या देवाक इचारल्याबिगर कोणाक सुई टोचीत नाय. आमी इचारला तर फुलाक काय कळता?’



‘सा वर्सांआदी थोरल्या सुनेक न इचारता न्हेली,’ ती पुढे म्हणाली. ‘होडीतच गेली. पोर पोटात घेवन गेली. आता दुसरी घालवूची?’

अंगणात माडाला टेकून तिचा थोरला मुलगा भिकाजी उभा होता. मेलेली ती बाई त्याची बायको. शेवंतीचा नवरा धाकटा, मुंबईला गिरणीत. घरातला बाप्या माणूस हा एकच, आणि होडीही त्याचीच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

आत शेवंती ओरडली. मी जाऊन नाडी पाहिली, मुलाचे ठोके ऐकले. ठोके ऐकायला आमच्याकडे ॲल्युमिनियमचं एक नळकांडं असायचं, एक टोक पोटावर ठेवायचं, दुसरं कानाला. मिनिटाला एकशे चाळीस. मूल ठीक होतं. अजून ठीक होतं.

बाहेर आले तेव्हा वैजीण जानकीकाकीच्या कानाशी काहीतरी बोलत होती. जानकीकाकी माझ्याकडे वळली.

‘कौल परत लावूक येता. पण गाऱ्हाणा बदलाक होया. मी मागलंय तां देवान नको म्हटल्यान. न्हेवची तुमका आसा. तुमी मागा.’

‘मी?’

‘तुमीच. तुमी देवळात येवा. उजवो पडलो तर भिकाजी होडी काढतलो.’

देऊळ दहा मिनिटांवर होतं. वैजिणीला शेवंतीजवळ बसवून, काही झालं तर कोणालातरी धावत पाठवायला सांगून मी निघाले. पुढे जानकीकाकी, मागे भिकाजी, मध्ये मी.

ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. मिशनच्या नोकरांसाठी छापील नियम होते. मूर्तिपूजेत भाग घेतला तर नोकरी जाऊ शकत होती. पण खरं सांगायचं तर मी नोकरीचा विचार फारसा केला नाही. विचार वडिलांचा येत होता. माझ्या आजोबांनी ख्रिस्ती झाल्यावर गावची विहीर सोडली, भाऊबंद सोडले, शेत सोडलं. का, तर आता दुसऱ्या देवापुढे वाकायचं नाही. वडिलांनी आम्हांला ते दूधभातासारखं भरवलं होतं. आणि मी त्यांची मुलगी देवळाकडे चालले होते, कौल मागायला.

दुसरीकडून मन म्हणत होतं, दोन हात जोडायला काय लागतं? एक मिनिटाचं नाटक. दोन जीव आहेत. प्रभू समजून घेईल. मग लगेच वाटायचं, हेच तर सगळे म्हणतात. आणि ह्या माणसांच्या देवासमोर, त्यांच्या श्रद्धेच्या जागी जाऊन मी नाटक करायचं, तेही त्यांनाच फसवायला? वाट संपली तरी माझा निर्णय झाला नव्हता. मी प्रार्थना करत होते का? नव्हते. घड्याळ बघत होते. दहा वाजून पाच.

बाबल गुरव देवळाच्या ओट्यावरच होता. सत्तरीचा, वाळलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. कधीतरी डोळ्यांत थेंब घालून घ्यायला माझ्याकडे येई. जानकीकाकीने त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘येवा,’ म्हणाला.

पहिल्या पायरीशी माझे पाय थांबले.

‘बाबलकाका,’ मी म्हणाले, ‘मी ख्रिस्ती आहे. मला तुमच्या देवाला हात जोडता येणार नाहीत. जोडले तर ते खोटं होईल. इथे उभं राहून खोटं बोलायची माझी इच्छा नाही.’

जानकीकाकीने श्वास आत ओढला. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

गुरवाने मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडे वळवले. मग म्हणाला, ‘मगे खरा काय तां बोला. खोट्याची देवाक सवय आसा. खऱ्याचो कट्टाळो आसलेलो माका ठावक नाय.’

‘मी माझ्या देवाशी बोलेन. इथूनच, पायरीखालून.’

‘बोला. मी कळे लावतंय.’

तो आत गेला. कळे पाण्यात भिजवून मूर्तीला लावले आणि दाराशी येऊन उभा राहिला. मी डोळे मिटले. हात जोडले नाहीत. पदराचं टोक मुठीत धरलं.

‘प्रभू,’ मी मोठ्याने म्हणाले, ‘शेवंतीच्या पोटात मूल आडवं आहे.’

‘होय म्हाराजा,’ दारातून गुरवाचा आवाज आला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यानंतर तसं म्हणायची तिथली रीत आहे. मी दचकले. डोळे उघडले नाहीत.

‘मला ते वळवता आलं नाही.’

‘होय म्हाराजा.’

‘तिला वाचवू शकतील असे हात खाडीपलीकडे आहेत.’

‘होय म्हाराजा.’

‘तिच्या माणसांना भीती वाटते. मलाही वाटते.’

ह्यावर तो जरा थांबला. मग हळूच म्हणाला, ‘होय म्हाराजा.’

 मी आमेन म्हटलं आणि डोळे उघडले.

मग आम्ही वाट पाहत उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. उजवा कळा हलला नाही. डावा थोडासा घसरला; जानकीकाकीच्या तोंडून आवाज निघाला; मग तोही थांबला. दहा मिनिटं. मी माझ्या प्रभूला सोडून त्या उजव्या कळ्याकडे टक लावून पाहत होते. पड, पड, असं मनात म्हणत होते. हे मी कोणालाही सांगितलं नाही, पुढे मिशनला दिलेल्या लेखी खुलाशातही लिहिलं नाही. पण तसं झालं होतं. पंधरा मिनिटं. कळे सुकत चालले. खाली खाडीत भरतीचं पाणी खाजणाला, म्हणजे काठच्या खाऱ्या दलदलीला, लागलेलं दिसत होतं.

गुरव पायऱ्या उतरून खाली आला.

‘कौल नाय,’ म्हणाला.

‘नाय म्हणजे?’ जानकीकाकीने विचारलं.

‘नाय म्हणजे नाय. हय नाय, नको नाय. माणूस तुमचा. इचार तुमीच करा.’

जानकीकाकी मटकन पायरीवर बसली. एवढी मोठी बाई, पण तेव्हा तिला कोणीतरी आधार द्यावा असं वाटलं. ‘माका कसा कळतला?’ ती पुटपुटली. ‘थोरलेक न इचारता न्हेली...’

‘आये,’ मागून भिकाजी म्हणाला.

सकाळपासून त्याचा हा पहिला शब्द.

‘ती देवाक इचारला नाय म्हणान मेली नाय. मी उशिरा न्हेलंय म्हणान मेली.’

तो पायरीशी येऊन उभा राहिला.

‘सकाळी निरोप इल्लो माका. रापण लागली होती.’ रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. ‘मी म्हटलंय, ओढून झाली की येतंय. इलंय तवसर सुकती झाल्ली. सांजच्या भरतीक न्हेलंय. वाटेत गेली. मगे सगळे म्हणाक लागले, कौल लावलो नाय, देव कोपलो. माका बरा वाटला. माझा नाव खंय इला नाय.’

जानकीकाकी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते.

‘सा वर्सां,’ ती म्हणाली, ‘सा वर्सां मी देवाची माफी मागतंय रे.’

त्याने मान खाली घातली.

ती उठली. पदर खोचला. ‘होडी काढ.’

तो धावत सुटला.

साडेअकराला आम्ही होडीत होतो. शेजारच्या चौघांनी शेवंतीला बाजेवरून आणलं. भिकाजी आणि आणखी एक वल्ह्यावर. जानकीकाकी उशाशी, मी पायांशी. शेवंती वीसेक वर्षांची असेल. कळ नसली की ती अगदी शांतपणे आभाळाकडे बघायची.

अर्ध्या वाटेवर पाणमोट फुटली.

आडव्या मुलाच्या बाबतीत आम्ही भितो ते ह्यालाच. पाणी गेलं की मुलाचा हात किंवा नाळ खाली येते. दोन्ही आली. नाळ दाबली गेली की मुलाचं रक्त थांबतं. मी शेवंतीची कंबर गाठोड्यांवर उंच केली, उकळलेल्या पाण्यात भिजवून आणलेला टॉवेल लावला आणि हात आत ठेवून नाळेवरचा भार शक्य तेवढा पेलून धरला. एवढंच करता येतं. ओढायचं तर मुळीच नाही. नाळेचे ठोके बोटांना लागत होते. शंभर. मग ऐंशी. मग मध्ये मोठी जागा सोडून एक-एक.

‘बाई,’ शेवंती म्हणाली, ‘तुमच्या देवाक सांगा ना माझ्यासाठी.’

मी तोंड उघडलं. ‘प्रभू,’ म्हणाले. पुढे काही आलं नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना होत्या, एकही आठवेना. देवळाच्या पायरीशी एवढं धडाधड बोलले होते आणि इथे, माझ्या हातात एक जीव विझत असताना, आत नुसती पोकळी होती. रागही नव्हता. कोणी ऐकतंय असं वाटतच नव्हतं. मी नाळेचे ठोके मोजायला लागले. तेवढं येत होतं.

बोटांखालची नाळ थांबली. मी मिनिटभर वाट पाहिली. आणखी मिनिटभर.

‘बाळ आसा मा?’ शेवंतीने विचारलं. तिला काहीतरी कळलं असावं.

नर्सिंगमध्ये अशा वेळी काय बोलायचं ते शिकवतात: सगळं ठीक आहे, धीर धर. मी म्हणाले, ‘शेवंती, मला ठोके लागत नाहीत. पण तुझी नाडी चांगली आहे. आता तुला पोचवायचं आहे.’

तिने डोळे मिटले. जानकीकाकीने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाली, ‘बाय माझी, मी आसंय हय.’ मग भिकाजीला ओरडून, ‘हात चालव!’

पलीकडच्या धक्क्यावर चिरे उतरवून रिकामा झालेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. गवताच्या पेंढ्या पसरल्या, वर बाज. दोन तासांचा रस्ता मी गुडघ्यांवर बसून काढला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा शेवंतीची नाडी एकशे तीसवर गेली होती. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पोटावर हात ठेवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘टेबल’ एवढंच म्हणाल्या.

पिशवी फाटायच्या बेतात होती, असं त्या नंतर म्हणाल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर शेवंतीही गेली असती. मूल गेलेलंच होतं; मुलगी होती. जानकीकाकीने तिला कापडात गुंडाळून मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मांडीवर ठेवलं. भिकाजी व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. ती त्याला म्हणाली, ‘हय येवन बस.’ तो येऊन बसला.

आठ दिवसांनी डॉक्टर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्या परदेशी होत्या. मराठी पुस्तकांवरून शिकलेल्या, त्यामुळे बोलणं अगदी छापील. टेबलावर एक पत्र होतं. गावोगाव फिरणाऱ्या मिशनच्या एका प्रचारकाने कमिटीला कळवलं होतं की नर्स एस्तेर देवळात कौल मागताना पाहिली गेली.

‘तू तेथे गेलीस काय?’

‘गेले, मॅडम. पायरीखाली उभी राहिले.’

‘तू कोणाची प्रार्थना केलीस?’

‘प्रभूची.’

‘आणि गुरवाने काय केले?’

‘तो होय म्हाराजा म्हणाला.’

मॅडमच्या चेहऱ्यावर काही उमटलं. हसू की काय, मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, ‘कमिटी लेखी ताकीद देणार. मला सही करावी लागेल.’

‘होय, मॅडम.’

मी उठत होते. ‘थांब,’ त्या म्हणाल्या. शेवंतीचा केसपेपर त्यांनी पुढे ओढला. ‘येथे एक रकाना रिकामा आहे. ह्या स्त्रीला तू पूर्वी कधी तपासले होतेस?’

‘म्हणजे आठव्या महिन्यात?’ मी विचारलं.

‘कधीही.’

‘नाही.’

‘का?’

‘ती दवाखान्यात कधी आली नाही.’

‘ती कोठे राहते?’

 शेवंती रोज सकाळी दवाखान्यावरून विहिरीला जायची. दोन घागरी, वाढत जाणारं पोट. आत मी सकाळची प्रार्थना करत असायची. त्या प्रार्थनेत मी नेहमी मागायची की गावच्या बायकांनी विश्वासाने दवाखान्यात यावं. आमेन म्हणून डोळे उघडायची तोवर ती पुढे गेलेली असायची. बाहेर येऊन एकदाही तिला हाक मारली नाही. आठव्या-नवव्या महिन्यात पोट तपासायला पाच मिनिटं लागतात. मूल आडवं आहे हे कळलं असतं तर दिवस भरायच्या आधीच तिला खाडीपार आणून ठेवता आलं असतं. कौल लावायची, देवळात जायची, होडीत धावाधाव करायची वेळच आली नसती.

मॅडमनी केसपेपर मिटला. त्याबद्दल त्यांनी मला काहीच लिहून दिलं नाही.

ताकीद मिळाली. माझ्या सर्व्हिस बुकात ती अजून असेल: मूर्तिपूजेच्या स्थळी अनुचित वर्तन. मी परत गावात गेले आणि सकाळची प्रार्थना अर्धा तास अलीकडे आणली, म्हणजे बायका पाण्याला निघायच्या वेळी मी ओट्यावर असेन. पहिल्या महिन्यात हाक मारल्यावर तिघीच थांबल्या. मग बाबल गुरव कौलाला येणाऱ्या पोटुश्या बायकांना सांगू लागला, ‘आदी बाईकडे पोट दाखवन येवा, मगे कौल.’ पुढच्या नऊ वर्षांत मला चार आडवी मुलं सापडली. चौघींना मी वेळेत खाडीपार पाठवलं. त्यांतली एक खेप भिकाजीने भर पावसाळ्यात मारली.

त्या होडीत माझ्या तोंडून प्रार्थना का निघाली नाही, ह्याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. पाळकांना विचारलं, पुस्तकं वाचली. पटेल असं उत्तर मिळालं नाही आणि आता मी ते शोधतही नाही. नवीन नर्सना शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना एवढंच सांगायची: आधी दाराबाहेर जाऊन हाक मारा. मला जी ताकीद मिळाली ती चुकीच्या कारणासाठी होती. बरोबर कारणासाठी ती कोणी दिली नाही, म्हणून ती मी स्वतःच स्वतःला देत आले.